बेटे तीन, सरकारी

घनश्याम गुरुजींनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, ही गोष्ट राळेगावात एकाच व्यक्तीला ठाऊक होती, आणि ती व्यक्ती त्यांच्याच घरात स्वयंपाक करत होती. बाकी गावाची समजूत वेगळी होती. सोळा वर्षं गुरुजी भूगोल शिकवत होते. नकाशाकडे न बघता फळ्यावर जावा आणि सुमात्रा काढत. बेटावरच्या खाऱ्या वाऱ्याचं वर्णन तर असं करत, की मागच्या बाकावरची मुलं सदऱ्याच्या गुंड्या लावून घेत.

त्रेसष्ट सालचा पोळा झाला आणि आठ दिवसांनी मुंबईहून गुरुजींच्या बायकोच्या, म्हणजे इंदुताईंच्या, धाकट्या बहिणीचं पाकीट आलं. पत्र चारच ओळींचं होतं, पण आत फोटो होता. फोटोत गुरुजींचे साडू लाँचच्या कठड्याला टेकून, काळा चष्मा लावून, हातात शहाळं घेऊन उभे होते. शेजारी बहीण हसत होती आणि तिचा पदर वाऱ्यावर उडत होता. मागे लिहिलं होतं, 'बेटावर जाताना. एका दिवसाची सहल.'

साडू हे नातं परमेश्वराने कशासाठी निर्माण केलं असावं, याचा विद्वानांनी अजून विचार केलेला नाही. भावाशी भांडता येतं, मेव्हण्याला दटावता येतं, सासऱ्यापुढे गप्प बसता येतं. साडूच्या बाबतीत यांपैकी काहीच चालत नाही. त्याच्यावर फक्त हसतमुखाने जळता येतं, आणि गुरुजी त्या दिवशी दुपारपर्यंत हसतमुख होते.

इंदुताईंनी फोटो आरशाच्या चौकटीत खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "पदर पाहा कसा उडून राह्यला तिचा."

झालं! सोळा वर्षांत गुरुजींनी बायकोला रामेश्वर कबूल केलं होतं, नागपूरचं प्रदर्शन कबूल केलं होतं, शेवटी शेवटी यवतमाळची सर्कससुद्धा कबूल केली होती. प्रत्यक्षात लग्नानंतर ते कळंबच्या चिंतामणीला गेले, आणि त्यानंतरही तीनदा कळंबच्या चिंतामणीलाच गेले. बाकी प्रत्येक बेत परीक्षा, पाहुणे आणि गुरुजींचं पोट यांपैकी कशावर तरी आपटून फुटला. दर वेळी इंदुताई शांतपणे म्हणत, "राहू द्या." त्यांनी भांडं आपटलं असतं तर गुरुजींना बरं वाटलं असतं. ते 'राहू द्या' मात्र त्यांना झोपेतसुद्धा ऐकू येई, आणि आता ते पुन्हा ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

"दसऱ्याच्या सुट्टीत मी तुले नावेत बसवून बेटावर नेतो," ते म्हणाले.

इंदुताई वरण घोटत होत्या. घोटणं न थांबवता त्यांनी विचारलं, "कोन्त्या बेटावर?"

"हाये एक," गुरुजी म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले, कारण कोणतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारच्या बाजाराला वर्धा नदीकाठच्या तांड्यावरून धरमसिंग तूप घेऊन येत असे. पन्नाशीचा, उंच, लाल फेट्याचा हा माणूस तुपाइतकाच शुद्ध बोले. गुरुजींनी त्याला ओसरीवर बसवलं.

"धरमसिंग, तुमच्या तांड्यापाशी नदीवर एखादं बेट आहे काय?"

"हाये ना गुरुजी. एक सोडून तीन हायेत. मधलं तं हे एवढं!" धरमसिंगने दोन्ही हात फाकले.

"वस्ती आहे त्यावर?"

"कायची वस्ती, बाप्पा! पाखरं लय हायेत. कधीमधी डुक्कर शिरते."

"आणि नाव मिळेल?"

"गोविंदाचा डोंगा हाये. पन गुरुजी, डोंगा कायले पाह्यजे? पायी पायी..."

"डोंगाच पाहिजे!" गुरुजींनी त्याला तिथेच थांबवलं. बरोबर उत्तर देणाऱ्याला अर्ध्यावर खाली बसवायची सवय त्यांना सोळा वर्षांत लागलेली होती. इथे त्यांनी आणखी एकच प्रश्न विचारला असता तर ही हकीकत लिहावी लागली नसती.

आता सहल रविवारची असली तरी मुख्यालय सोडायला परवानगी लागते. गुरुजींनी हेडमास्तरांकडे अर्ज दिला, 'सहकुटुंब बेटावर जाण्याकरिता'. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"बेट कोणत्या जिल्ह्यात?" त्यांनी विचारलं. "नदीच्या मधोमध हद्द आहे. अलीकडे यवतमाळ, पलीकडे वर्धा. बेट पलीकडच्या अर्ध्यात निघालं तर तुम्ही विनापरवाना जिल्हा सोडला असं होईल."

"आणि बरोबर मधोमध निघालं तर?"

"तर जेवताना कोणत्या बाजूला बसणार ते आधी लिहून द्या. पटवाऱ्याचा दाखला आणा."

पटवारी तीन दिवस सापडला नाही. चौथ्या दिवशी सापडला तेव्हा त्याने दप्तर सोडलं, थुंकी लावून पानं उलटली आणि वाचून दाखवलं, "नदीकाठ, अलीकडची बाजू. बेटे तीन, सरकारी. तोडण्यास मनाई."

"तीन!" गुरुजींचा आवाज कापरा झाला. "म्हणजे द्वीपसमूह आहे! आणि आपल्या जिल्ह्यात! आणि शाळेच्या नकाशात त्याचा ठिपकासुद्धा नाही!"

पटवाऱ्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. पण मास्तर लोकांच्या आनंदाची कारणं विचारू नयेत, हे तो नोकरीत शिकला होता. त्याने शिक्का मारला. हेडमास्तरांनी तो दाखला पाहून आणखी एक हमीपत्र मागितलं, आणि गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, 'मी सदर बेट अगर बेटाचा कोणताही भाग तोडणार नाही व तोडून घरी आणणार नाही.' लिहिताना सरकारच्या दूरदृष्टीबद्दल त्यांना थोडा आदरही वाटला.

बातमी गावात फुटली. फुटली म्हणजे गुरुजींनीच ती चार ठिकाणी फोडली. शेजारचे बापूजी, कोर्टातले निवृत्त नाझर, संध्याकाळीच येऊन बसले. पाण्याच्या प्रवासावर त्यांचा अधिकार मोठा होता.

"मी रामेश्वरले गेलतो," ते म्हणाले. "पुलावरून गाडी चालली अन् खाली समुद्र पाह्यला, तं मले गाडीत ओकारी झाली. तुमी तं खुद्द पान्यात चाल्ले! लिंबू ठेवा, सुंठ ठेवा, अन् टरकची ट्यूब ठेवा. बुडता मानूस तिच्यावर तरंगते."

"अहो, नदी आहे ती. समुद्र नाही."

"बुडायले काय तेवढं पानी लागते का? मीच येतो संगं. तुमच्या भरवशावर इंदूले कशी पाठवू?"

समोरच्या शकुबाईंना पित्ताचा त्रास होता आणि पित्तावर शहाळं चालतं असं त्यांनी ऐकलं होतं. बेट म्हटलं की नारळ आलेच, हे गुरुजींनीच वर्गात शिकवलेलं. ते शकुबाईंपर्यंत पोचलं होतं. त्या आधी दोन शहाळी सांगायला आल्या. मग चार म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमी कच्ची आनसान का पिकली, तुमाले का समजते भाऊजी? मीच येतो ना. मी आली तं डोंग्याले का भार होते?"

शकुबाईंचा एकूण आकार पाहता हा प्रश्न उत्तर देण्यासारखा नव्हता. गुरुजींनी हताशपणे स्वयंपाकघराकडे पाहिलं. सहल दोघांची होती आणि चौघांची झाली होती. "येऊ द्या," आतून इंदुताई म्हणाल्या. गुरुजी 'राहू द्या' ऐकायच्या भीतीने दाराला धरून उभे होते, त्यामुळे 'येऊ द्या' ऐकून त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी पहाटे इंदुताईंनी दशम्या, तिळाची चटणी आणि मेथीचे मुटके बांधले. सोळा वर्षांत आपल्या सहलीची शिदोरी बांधताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्या हलकं वायलचं पातळ नेसल्या. का, ते गुरुजींना कळलं आणि ते गंभीर झाले.

एस.टी.त बापूजी हवा भरलेली ट्यूब गळ्यात घालूनच चढले. कंडक्टर म्हणाला, ही टपावर टाका. बापूजी म्हणाले, ही औषधाची वस्तू आहे, अंगावेगळी करता येत नाही. कंडक्टर म्हणाला, मग हवा काढा. बापूजी म्हणाले, मग ऐन वेळी हवा तू येऊन भरशील काय? यावर अर्ध्या गाडीने बापूजींची बाजू घेतली, अर्ध्या गाडीने कंडक्टरची, आणि फाटा आला तेव्हा दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटत होतं. उतरताना मात्र ट्यूब दारात अडकली आणि सगळ्यांनी मिळून बापूजींना बाहेर ढकललं.

फाट्यावर धरमसिंग बंडी जुंपून उभा होता. त्याने चौघांना घाटापर्यंत नेलं आणि गोविंदाच्या हवाली केलं. गोविंदाचा डोंगा म्हणजे आत कोरलेला एक लांबट ओंडका, त्यात कमरेला टेकू नाही आणि पायाला जागा नाही. शकुबाई मधोमध बसल्या तेव्हा डोंग्याने एक मोठा विचार केला आणि पाण्यात चार बोटं खाली गेला.

"गुरुजी, मी अजून सांगतो," धरमसिंग काठावरून म्हणाला, "पायी..."

"चला!" गुरुजींनी छत्री उंचावली.

आणि डोंगा निघाला. ऑक्टोबरचं ऊन, गढूळ शांत पाणी, आणि वारा अगदी नावालासुद्धा नाही. गुरुजी अधूनमधून इंदुताईंच्या पदराकडे बघत. तो खांद्यावर पडून होता. बापूजी लिंबू हुंगत डोळे मिटून बसले होते. गोविंदा काठाकाठाने, प्रवाहाच्या उलट, बांबूने रेटत चालला होता.

"काठ सोडून आत का घेत नाहीस?" गुरुजींनी विचारलं.

"बेट काठालेच हाये नं जी."

गुरुजींनी याचा अर्थ 'काठापासून जवळ' असा लावला. अर्ध्या तासाने डोंगा एका उंचवट्याला लागला. त्यावर बांबूची दाट, काटेरी, भलीमोठी जाळी उभी होती आणि तिच्या सावलीत लाल फेटा बांधलेला एक माणूस पाण्याचा लोटा घेऊन बसला होता.

"या, गुरुजी," धरमसिंग म्हणाला.

"तू... तू कसा आलास?"

"पायी. दहा मिनिटं लागते. तेच तं सांगून राह्यलो त्या शुक्रवारपासून!"

गुरुजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मागे एक कोरडा ओढा होता, त्यापलीकडे कापसाचं शेत आणि त्यापलीकडे तांडा. "पण बेट कुठं आहे?"

"हे का!" धरमसिंगने बांबूवर थाप मारली. "तीनशेच्या वर बांबू असंन या बेटात. ते दोन तिकडं, ते ल्हान हायेत."

वरून एक वाळलेलं पान आलं आणि गुरुजींच्या टोपीवर बसलं. बांबूच्या जाळीलाही मराठीत बेटच म्हणतात, हे गुरुजींना ठाऊक नव्हतं असं नाही. पण भूगोलाच्या माणसाला ते आठवलं नाही, एवढंच. बेटे तीन, सरकारी, तोडण्यास मनाई. हमीपत्रातलं आपलं सुवाच्य अक्षर त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"मले पाह्यजे होतं ते... चारी बाजूंनी पाणी असलेलं," ते पुटपुटले.

"तो टापू, गुरुजी! टापू पाह्यजे होता तं टापू म्हनाव लागते! टापू कायले येईन इथं?"

"नारळ?" शकुबाईंनी विचारलं. खालच्या आवाजात विचारलं, म्हणून ते जास्त लागलं.

"काठच्या काठाले यायले मी अर्धा घंटा जीव मुठीत धरला!" बापूजी लिंबू फेकून म्हणाले.

गुरुजींना बायकोकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. आता ती म्हणेल, आता ती तेच दोन शब्द म्हणेल, म्हणून ते पाठ करून उभे राहिले. मागून फक्त शिदोरी सोडल्याचा आवाज आला. इंदुताईंनी सावलीत घोंगडी पसरली होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "आलो तं जेवू."

धरमसिंग बायकोकडून, मानीबाईकडून, ताक आणतो म्हणून तांड्यावर गेला. गोविंदाला गुरुजींनी मघाशीच, बेट कळायच्या आधी, थाटात सांगून ठेवलं होतं, की चार वाजता ये, तोवर आम्हाला एकांत हवा. तो शब्दाचा पक्का होता. तो गेला.

चौघं जेवले. दशम्या चांगल्या झाल्या होत्या, पण गुरुजींनी अर्धीच खाल्ली. ताक काही आलं नाही. जेवण झाल्यावर बापूजी हात धुवायला मागच्या अंगाने ओढ्याकडे गेले आणि धावत परत आले. धावत म्हणजे त्यांच्या वयाच्या मानाने.

"ओढ्यात पानी आहे!"

परवा वर, अमरावतीकडे कुठेतरी, हस्ताचा पाऊस धो धो पडला होता आणि त्याचं पाणी आता इथे पोचलं होतं. नदी आवाज न करता फुगत होती. कोरडा ओढा तिने मागून भरून टाकला होता. बघता बघता कापसाच्या शेताची कड पलीकडे गेली, आणि बांबूचा उंचवटा मध्ये उरला.

पलीकडून धरमसिंग ताकाची चरवी हातात धरून ओरडला, "हलू नका, गुरुजी! पानी कमरेएवढं हाये, पन ओढ लय हाये! उंचवट्यावर पानी चढत नाई, भेऊ नका! गोविंदाले धाडतो!"

गुरुजींनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून नव्हतं ते तेज आलं. "चोहो बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग!" ते म्हणाले. "बापूजी, आता हे बेट आहे!"

"मरता मरता भूगोल नका सांगू!" बापूजी ट्यूब शोधत म्हणाले. ट्यूब बांबूच्या बुंध्याला टेकून ठेवलेली होती. ती त्यांनी ओढली, काटा लागला, आणि ट्यूब एक लांब सुस्कारा टाकून त्यांच्या हातात लोंबू लागली. बापूजी तसेच तिच्यावर बसून राहिले.

शकुबाईंनी पिशवीतून नारळ काढला. तो राळेगावच्या दुकानातला होता, नदीच्या ओटीसाठी आणलेला. बेटावर आला तेवढा एकच नारळ. त्यांनी हात जोडून तो पाण्यात सोडला. नारळ दोन हात गेला, भोवऱ्यात फिरला आणि परत त्यांच्या पायाशी आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा शकुबाई रडायच्या बेतात होत्या.

"नदीले नको हाये तो," इंदुताई म्हणाल्या. "फोडा."

दगडावर फोडला. बापूजींनी सगळ्यांत मोठा तुकडा घेतला आणि त्यांची मरणाची तयारी थोडी मागे पडली. पाणी खरंच वर चढत नव्हतं. बांबूच्या शेंड्यांत बगळे येऊन बसायला लागले.

गुरुजी थोडे दूर, पाण्याच्या कडेला उभे होते. भूगोलाचा आनंद संपला होता आणि मन पुन्हा खाली गेलं होतं. इंदुताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. नुसत्या बसल्या. हातात काही निवडायला नव्हतं, चुलीवर काही ठेवलेलं नव्हतं, कुणी हाक मारून पाणी मागणार नव्हतं, आणि मागितलं तरी उठून कुठे जायला जागाच नव्हती.

"चूक झाली माझी," गुरुजी म्हणाले. "सोळा वर्षांत एक दिवस नेलं, ते हे असं."

"अवो, गप बसा थोडं," इंदुताई म्हणाल्या. "बगळे उडतीन."

गुरुजी गप्प बसले. आपली बायको गुडघ्याभोवती हात बांधून अशी बसते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांना फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

पाचच्या सुमाराला डोंगा आला. गोविंदा घामाने निथळत होता. "पानी ओढून राह्यलं जी. एका खेपेत दोघंच बसा. दोन खेपा करतो."

"आधी बायका..." गुरुजी म्हणू लागले.

"आधी बापूजी अन् शकुबाई," इंदुताई म्हणाल्या, आणि तो आवाज असा होता की बापूजींनी नाझरकीतली सगळी वर्षं आठवूनही हरकत घेतली नाही. दोघं डोंग्यात बसले. शकुबाईंनी करवंट्या पिशवीत घातल्या, बापूजींनी ट्यूबचा वेढा उपरण्यासारखा खांद्यावर टाकला. गोविंदाने बांबू रेटला.

डोंगा दोन हात गेला तेव्हा इंदुताई पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या.

"गोविंदा!"

"जी, ताई?"

"दुसऱ्या खेपेची घाई करू नको. दमला असशीन. चहा घेऊन ये."

गोविंदाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे पाहिलं आणि मान हलवली. मानीबाईने नंतर सांगितलं, की त्या दिवशी त्याने तिच्याकडे बसून तीनदा चहा मागितला.